अनपेक्षित पाहुणी, एक

अध्यक्ष दारात कधीही हात मिळवत नसत. आपण बेल वाजवावी, त्यांनी लोखंडी जाळीचं दार उघडावं, आपण रीतीप्रमाणे हात पुढे करावा, तर हे स्वतःचा हात चटकन पाठीमागे नेत आणि म्हणत, "आधी आत." आपण आत जाऊन चपला काढल्या, की मग तो हात पुढे यायचा. हात कसला, फावडंच. त्यात माझा हात मनगटापर्यंत नाहीसा व्हायचा.

उंबरठ्यावरून काही देऊ-घेऊ नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माझी आई तर उंबरठ्यात कोणी शिंकलं तरी त्याला परत आत बोलावून घोटभर पाणी प्यायला लावायची. पण एक सहा फुटी पोलिश म्हातारा सिंगापूरमध्ये, हौगांगच्या नवव्या मजल्यावर हा नियम पाळताना पाहिला, तेव्हा मला सोलापूर आठवून हसूच फुटलं. बरं, त्या फ्लॅटला उंबरठा नव्हताच. दोन फरशांच्या मध्ये एक करडी रेघ होती, तिचा हा मान.

अध्यक्ष म्हणजे सिंगापुरातल्या पोलिश इंजिनिअरांच्या मंडळाचे अध्यक्ष. सभासद अकरा. आपल्या अकरा माणसांत एव्हाना तीन मंडळं आणि एक बंडखोर गट निघाला असता. यांनी इतकी वर्षं एकच चालवलं. काम एवढंच, की पोलंडहून नवा इंजिनिअर आला तर नोकरी, पास म्हणजे कामाचा परवाना, घर यांत त्याला मदत करायची. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीनला अध्यक्षांच्या हॉलमध्ये बैठक व्हायची. चहा, सफरचंदाचा केक आणि वाद, हे तिन्ही भरपूर असायचं.

आता सोलापूरची बाई या मंडळात कशी शिरली, हे तुम्ही विचारणारच. प्रत्येक मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका असतात. आलेलं प्रत्येक चित्र न वाचता पुढे ढकलणं हे त्यांचं व्रत. तुमच्याही ग्रुपवर असतील, बघा. आमच्या काकांनी एका नोटिशीचा फोटो टाकला, "इंजिनिअरांना नोकरी व पास यांबाबत मोफत मदत," खाली पत्ता आणि वेळ. नोटिशीचा वरचा भाग फोटोत आलाच नव्हता. पोलंड नेमकं त्या वरच्या भागात होतं.

माझी अवस्था तेव्हा बुडत्याला काडीची. मी पावसाच्या आणि सांडपाण्याच्या निचऱ्याची कामं करते. कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला होता. पास रद्द झाला आणि देशात राहायला महिनाभराची मुदत मिळाली. नवरा माझ्या पासवर, मुलगी ओवी यिशुनच्या शाळेत तिसरीत. महिन्याभरात नोकरी मिळाली नाही तर तिघांनी गाशा गुंडाळायचा. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची आणि ओवी बाहेरून इथल्या पोरांच्या थाटात म्हणायची, "आई, डोन्ट क्राय लाह. वॉटर वेस्ट होतं."

तर मी फाइल घेऊन हौगांगला गेले. रिकाम्या हाताने कुठे जायची सवय नाही, म्हणून डब्यात चकल्या. दार उघडलं, "आधी आत" झालं, हात मिळवला, आणि हॉलमधली आठ गोरी माणसं माझ्याकडे वळली.

"पोलंडमध्ये कुठल्या गावच्या?" अध्यक्षांनी अगदी गंभीरपणे विचारलं. त्यांचं इंग्रजी शब्द मोजून घेतल्यासारखं होतं, एकही जास्त नाही.

"सोलापूर," मी म्हणाले.

मग उलगडा झाला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी चपला घालायला निघाले. मंडळाच्या चिटणीस माग्दाबाई, ज्यांना नियम तोंडपाठ असत, त्यांनीही नकाराची मान हलवली. "घटनेत स्पष्ट लिहिलंय, पोलंडचे इंजिनिअर."

"ती आत आली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पण घटना..."

"घटनेत दाराबाहेरच्यांना आत घेऊ नये असं आहे. आत आलेल्याला बाहेर काढा असं कुठे आहे?" आणि त्यांनी डबा उघडून चकली तोंडात टाकली. चकली कुरकुरीत निघाली, देवाचे उपकार.

माग्दाबाई हटेनात. इतिवृत्तात लिहायचं काय? तेव्हा अध्यक्षांनी तोड काढली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला बसताना एक ताट जास्त मांडतात. कोणी वाट चुकलेला अचानक आला तर त्याच्यासाठी. आपल्याकडे पाहुण्याची म्हणून एक भाकरी जास्त थापतात, तसंच. "ते ताट आपण दरवर्षी मांडतो आणि तसंच धुऊन ठेवतो," ते म्हणाले. "आज कोणी आलंय, तर आपण घटना वाचतोय." मग माग्दाबाईंनी लिहिलं, हजर सभासद नऊ. अनपेक्षित पाहुणी, एक.

त्या मंडळाची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नव्याने आलेल्याने ओळख करून देताना पदवी सांगायची नाही, अनुभव सांगायचा नाही. कामात केलेली आपली एक चूक सांगायची. "पदव्या भिंतीवर लावतात," अध्यक्ष म्हणायचे, "चूक खिशात असते. खिसा दाखव." एकाने क्रेन चुकीच्या गल्लीत मागवली होती. माग्दाबाईंनी मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर धरून दारापेक्षा मोठं यंत्र मागवलं होतं. मी पुण्यातल्या एका सोसायटीच्या नाल्याचा उतार नकाशात उलटा दाखवला होता. पाऊस झाला आणि सगळं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, चेअरमनची स्कूटर तरंगली. हे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. सगळे खो-खो हसले, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा मीही हसले.

अध्यक्षांची चूक मात्र कधी ऐकायला मिळाली नाही. अध्यक्ष शेवटी बोलणार, आणि शेवटी नेमकी वेळ संपलेली असायची. माग्दाबाई दर वेळी म्हणत, "अध्यक्षांची चूक राहिली." ते म्हणत, "पुढच्या बैठकीला."

पुढचे तीन आठवडे त्यांनी मला पिदडून काढलं. रोज सकाळी दहाला हौगांग. माझ्या बायोडेटावर त्यांची लाल पेन्सिल फिरायची. "अत्यंत मेहनती" हे शब्द खोडून ते म्हणाले, "मेहनती बैलही असतो. पाणी कुठून आलं, कुठे गेलं, तू काय केलंस, एवढं लिही." खोट्या मुलाखती घेत, त्यात स्वतः खडूस साहेब होत, आणि मी चाचरले की घड्याळ पुढ्यात ठेवून गप्प बसत. मंडळातल्या प्रत्येकाने आपापल्या ओळखीत माझं नाव टाकलं, माग्दाबाईंनी तर दोनदा. चोविसाव्या दिवशी रॅफल्स प्लेसच्या एका ऑफिसातून होकार आला. नवऱ्याच्या आधी मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "बरं. शनिवारी चकली आण."

काम झालं, आता जायचं कारण नव्हतं. पण मी जात राहिले. सात वर्षं. आपली मराठी मंडळी चिडवायची, "काय, पोलंडला कधी निघालीस?" चिडवू देत. घरी जाताना माणूस जसा जातो, तशी मी त्या बैठकीला जायची.

खसखशीने तर आमचं गूळपीठच जमवलं. इथे खसखस आणायला बंदी आहे. त्यांचा नाताळचा केक खसखशीशिवाय होत नाही आणि माझे अनारसे खसखशीशिवाय होत नाहीत. दर डिसेंबरात आम्ही दोघं खुर्च्या जवळ घेऊन त्या गेलेल्या खसखशीचं दुःख करत बसायचो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायचं नसतं. डिसेंबरातल्या इथल्या पावसाळी आभाळात कसली चांदणी? अध्यक्ष छत्री घेऊन खाली उतरायचे आणि दोन ब्लॉकच्या मधल्या आभाळाकडे मान वर करून बघत राहायचे. वर अकराजण उपाशी. शेवटी विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाचा दिवा दिसला की फोन करायचे, "दिसली. बसा." माग्दाबाई म्हणायच्या, "ते विमान आहे." ते म्हणायचे, "लांबून येतंय ना? मग चालेल."

आणि ते जास्तीचं ताट माझं. दरवर्षी.

मग त्यांचे गुडघे गेले, पाठोपाठ हृदय कुरकुरू लागलं. लग्न केलेलं नव्हतं. पोलंडमधल्या पुतण्याने ठरवलं, काकांना घरी न्यायचं. निघण्याच्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. पुतण्या चार वाजता गाडी घेऊन येणार होता, मी अडीचला पोचले. लाकडी दार उघडं, पण जाळीला कुलूप. आत चाकाच्या खुर्चीत अध्यक्ष. त्यांची देखभाल करणारी मेलडी औषधं आणायला खाली गेली होती आणि किल्ली तिच्यापाशी. मागच्या महिन्यात ते एकटेच खाली उतरून पडले होते, तेव्हापासून ती कुलूप लावून जायची.

मी गजांमधून हात घातला. त्यांनी आपला हात पांघरुणाखाली नेला. "किल्ली येऊ दे."

शेजाऱ्याचं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून मी कॉरिडॉरमध्ये बसले. त्यांनी खुर्ची जाळीजवळ आणली. मग म्हणाले, "माझी चूक राहिली आहे. ती ऐकून घे."

ते ऐंशीच्या दशकातली, आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगत होते. तिकडे पोलंडमध्ये लष्कराने कारभार हातात घेतला होता. हे इथे जहाजदुरुस्तीच्या यार्डात कामाला होते आणि परत न जायचं ठरवून बसले होते. कोण कोणाचा हेर आहे याची खात्री नव्हती. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात एक पोलिश पोरगा, पंचविशीचा, बंदरात लागलेल्या जहाजावरचा इंजिनिअर. पावसात भिजलेला, शर्टाच्या आत कागदपत्रं धरलेली. म्हणाला, मलाही जहाजावर परत जायचं नाही, मदत करा.

"मी दाराची साखळी काढली नाही," अध्यक्ष म्हणाले. "फटीतूनच बोललो. सोमवारी यार्डात ये म्हणालो. त्याने फटीतून हात पुढे केला. मला भीती वाटत होती, पण भीती वाटते असं कसं सांगणार? मी म्हणालो, उंबरठ्यावरून हात मिळवू नये, अपशकुन असतो."

खाली कुठेतरी लिफ्ट वाजली. मेलडी नव्हती.

"सोमवारी तो आला नाही. जहाज रविवारीच गेलं होतं. तो हेर नव्हता. हेर इतका भिजत नाही."

मी म्हणाले, "तो सुखरूप असेल. आज त्याला नातवंडं असतील."

"असतीलही. मला माहीत नाही. चूक तीच."

दर नाताळला ते ताट कोणासाठी मांडलं जात होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि त्या ताटात सात वर्षं मी जेवत होते. मला रडू आवरेना. ते आतून म्हणाले, "रडू नकोस, मेलडीला वाटेल मी ओरडलो." मी म्हणाले, गाडी आली तर? ते म्हणाले, "थांबेल. मीही थांबेन. तुला बाहेर ठेवून मी विमानात बसणार नाही."

मेलडी आली ती साडेतीनला, औषधांच्या दुकानातल्या रांगेला नावं ठेवत. कुलूप निघालं. मी आत गेले, चपला काढल्या. मग पांघरुणाखालून तो हात बाहेर आला. आता त्यात जोर नव्हता, पण पुतण्या येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

उन्हाळ्यात ते गेले. तिकडच्या उन्हाळ्यात, आपल्या घरी, पुतण्याने कळवलं. त्यांना तो पोरगा तिकडे कुठे भेटायचा असेल तर भेटो, एवढंच मी मनात म्हणाले.

यंदा नाताळच्या आदल्या दिवशीचं जेवण माग्दाबाईंच्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये झालं. विमान बघायला मला खाली पाठवलं, मी फोन करून "दिसली" म्हणून सांगितलं. वर आले तर टेबलावर माझ्या ताटाच्या शेजारी आणखी एक रिकामं ताट. मला वाटलं, अध्यक्षांचं.

"नाही," माग्दाबाई म्हणाल्या. "तू आता पाहुणी नाहीस. हे पाहुण्याचं."

आम्ही बसतो न बसतो तोच बेल वाजली. दारात कॉन्डोचा वॉचमन, साठीचा तमिळ गृहस्थ, हातात गाडीच्या नंबरची चिठ्ठी. आमच्यातल्या कोणीतरी गाडी भलत्याच जागी लावली होती. नियमांचा भंग म्हणजे माग्दाबाईंचा प्रांत. त्या तरातरा उठल्या. त्याने चिठ्ठी पुढे केली.

माग्दाबाईंनी आपला हात मागे घेतला. "आधी आत," त्या म्हणाल्या.

"नो नीड लाह, मॅडम, ओन्ली कार."

"आधी आत."

तो बिचारा बूट काढून आत आला. माग्दाबाईंनी चिठ्ठी घेतली, वाचली, घडी करून खिशात घातली, आणि त्याच्याशी हात मिळवला. मग त्याला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तो संकोचून मला हळूच म्हणाला, "फिश आहे ना? बीफ नाही ना?" मी म्हणाले, "फिशच. घ्या." आणि त्याचं ताट मी वाढलं.