उसन्या नावाचा पहिलवान

मी कुस्ती जिंकलो आणि त्यांनी माती उपसली.

नागपंचमीची दंगल होती. गाव नागपूरपासून दोन कोसांवर. मी अठरा वर्षांचा. समोरचा पहिलवान त्या गावच्या पाटलाचा भाचा. जोड लावताना मला कोणी जात विचारली नाही. गिरणीतला पोट्टा आहे, एवढंच कोणीतरी म्हणालं. बघता बघता मी त्याला चीत केलं. डफडं वाजलं. लोक नाचले. आणि गर्दीतून एक आवाज आला, "अबे, हा त महाराचा पोट्टा हाये!"

डफडं थांबलं. मला फेटा बांधायला आलेला माणूस दोन पावलं मागे सरला. दोन गडी फावडी घेऊन आले. आखाड्यातली माती वीतभर खोल खणली, टोपल्या भरल्या, नाल्यात नेऊन ओतली. नवी माती टाकली. वरून गोमूत्र शिंपडलं. मी लंगोटावर उभा. बघत.

त्या मातीला पाठ त्यांच्या पहिलवानाची लागली होती. विटाळ माझा झाला.

मला कोणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं होतं. मला मारता येत होतं.

बघ्यांमध्ये एक मालगुजार होता. पाच गावांचा मालक, कुस्तीचा शौकीन. त्यानं मला आपल्या मोटारीपाशी बोलावलं. चार हात लांब उभं केलं.

"कुस्ती कोठं शिकला?"

"कामठीले. एका उस्तादापाशी."

"अंगात दम हाये तुह्या. नावात नाही. नाव मी देतो."

त्यानं मला नाव दिलं. भवानीसिंग. बाप दिला, गाव दिलं, जात दिली. "मराठी बोलू नको. हिंदी बोलजो. कोणी इचारलं त सांगजो, झाशीकडचा ठाकूर हाओ म्हणून."

मी हो म्हटलं. हे मी लपवणार नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. मला आखाडा पाहिजे होता आणि आखाड्याचं दार माझ्या नावानं उघडत नव्हतं.

मग सहा वर्षं भवानीसिंग जिंकला. रायपूर, अमरावती, जबलपूर. तेव्हा फ्री स्टाईल कुस्ती नवी नवी आली होती. मातीत नाही, गादीवर. शिट्टी, घड्याळ, पंच. मला ती लवकर साधली. समोरच्याचा एक पाय उचलायचा आणि त्याला श्वास घ्यायच्या आत खाली आणायचा, हा माझा डाव. सगळ्यांना माहीत होता, अडवता कोणालाच येत नव्हता. दोन वर्षं मी मध्यप्रांताचा विजेता होतो. सीताबर्डीच्या एका दुकानात माझा फोटो लावला होता. खाली नाव भवानीसिंगाचं.

लोक पाया पडायचे. ब्राह्मणांची पोरं दंडाला हात लावून बघायची. आणि मालगुजाराच्या कोठीवर मी गोठ्यामागच्या खोलीत राहायचो. माझं मडकं वेगळं. दूध वरून ओतायचे. बाहेर ठाकूर, कोठीत महार. त्या माणसाला दोन्ही पाहिजे होते.

इंदोऱ्याला, आमच्या वस्तीत जायची मला मनाई होती. माझी माय गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. बाप मी लहान असतानाच गेला. महिन्यातून एकदा, रविवारी, माय कोठीपासून लांब एका चिंचेखाली येऊन बसायची. मी चोरासारखा जायचो. तिनं कधी तक्रार केली नाही.

एका वर्षी ती थेट सीताबर्डीच्या मैदानात आली. मी अंतिम कुस्ती जिंकलो होतो. गळ्यात हार. एका बाजूला मालगुजार, दुसऱ्या बाजूला कचेरीतले मोठे लोक. माय मैदानाभोवतीच्या दोराला धरून उभी होती. हातात फडकं, फडक्यात माझ्यासाठी तळलेले गोड कानोले. ती माझ्या नावानं ओरडली. माझ्या खऱ्या नावानं. दोनदा.

एका पाहुण्यानं विचारलं, "ये औरत कौन है, पहिलवान?"

मालगुजार माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "पता नहीं. होगी कोई भिखारन."

शिपायानं तिला ढकललं. कानोले धुळीत सांडले. तिनं ते वेचले नाहीत. माझ्याकडे नीट बघितलं आणि शिपायाला म्हणाली, "चुकलं बाप्पा. मले वाटलं, माहा पोट्टा हाये."

आणि गेली.

मालगुजार माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "शाबास."

त्या दिवशी मला कळलं. आधी त्यांनी माती उपसली होती. आता मी स्वतःच स्वतःला उपसून टाकलं होतं. फावडं माझ्याच हातात होतं.

रविवारी मी मनाई मोडून वस्तीत गेलो. दिवसाढवळ्या, इंदोऱ्याच्या मधल्या रस्त्यानं. मायच्या पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले.

"पाया काहून पडून राहिला? जेथं मले भिकारीन म्हणलं ना, तेथं जाऊन म्हण काय म्हणाचं ते."

पुढच्या वर्षी तेच मैदान. तीच अंतिम कुस्ती. भोंग्यावर पुकारा झाला, "भवानीसिंग!" मी उठलो नाही. परत पुकारा झाला. मी उठलो, सरळ पंचांच्या मेजाकडे गेलो आणि पुकारणाऱ्याच्या हातातून भोंगा घेतला.

माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. मग म्हणालो, "इंदोऱ्याचा महार हाओ मी. माय माही गिरणीत हाये. मागच्या साली तुम्ही तिले येथून हाकललं, अन् मी तिले भिकारीन म्हणलं. सहा वर्षं तुमच्या पहिलवानाइले मी चीत केलं. भवानीसिंग नावाचा कोणी माणूस नाही."

समोरचा पहिलवान माझ्याकडे बघत बघत गादीवरून खाली उतरला. मी गादीवर जाऊन उभा राहिलो. पंचानं घड्याळ बघितलं, शिट्टी वाजवली आणि हात वर केला. खाली उतरलेल्याचा.

मालगुजार माझ्या अंगावर धावून आला. "संपला तू. तुले मी घडवलं!"

"दूध तुम्ही पाजलं, मालक. अंग मायनं देलं."

भवानीसिंगाचे सगळे विजय खोडले. दुकानातला फोटो निघाला. मी गिरणीत परत गेलो. माय त्या दिवशी पाळीवर होती, तिला संध्याकाळी कळलं. तिनं मला जवळ घेतलं नाही. ताट वाढलं, एवढंच. मी उच्चारलेला तो शब्द तिच्या कानातून गेलेला नाही. माझ्याही.

पुढच्या साली मी त्याच दंगलीत माझं खरं नाव द्यायला गेलो. कारकुनानं दौतीत टाक बुडवला, नाव ऐकलं आणि टाक खाली ठेवला.

"काहून येतं गा? तुह्याशी कोणी लढणार नाही."

"तुम्ही लिहा."

मागे रांग वाढत गेली. मी हललो नाही. शेवटी त्यानं लिहिलं.

माझ्याशी कोणी लढलं नाही. त्या साली नाही, पुढच्या साली नाही. दर साली मी जातो. माझ्या नावाचा पुकारा होतो. मी गादीवर चढतो आणि उभा राहतो. समोर कोणी येत नाही. पंच दुसऱ्याचा हात वर करतात.

जो आला नाही तो हरला, एवढी साधी गोष्ट त्यांना एक दिवस भोंग्यावरून सांगावी लागेल. माझे केस पिकोत, गुडघे जावोत. ते सांगेपर्यंत मी दर साली त्या गादीवर चढणार आहे.