टोपी काढली की हात वर

शाळेतल्या मॅडम बोलवायला आल्या, तेव्हा मी कुकरशी भांडत होते. एकट्या माणसाला दिवसातनं एकदा तरी कुणाशी भांडावं लागतं. थोरला पुण्याला, धाकटा हैदराबादला. दोघांचे फोन रविवारी येतात, आणि आठवड्यातनं एकदा बोलणाऱ्या लेकराशी भांडण काढायला जीव होत नाही. मालक जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची टोपी अजून खुंटीवर आहे. कुकर गप्प झाला की मी टोपीशी भांडते.

"आजी, शनिवारी शाळेत अभिरूप संसद आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मुलंच खासदार, मुलंच मंत्री. लोकशाही कशी चालते ते त्यांनाच करून बघू द्यायचं. तुम्ही पाहुण्या म्हणून या. आपल्या ग्रामपंचायतीच्या पहिल्या महिला सदस्य तुम्ही. दोन शब्द बोला."

पहिल्या महिला सदस्य! आलेलं हसू मी पदराआड ढकललं. त्या बाईला लोकशाहीतलं किती कळत होतं ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही.

बायकांसाठी राखीव जागा आली, तेव्हाची गोष्ट. अणदूरच्या अलीकडचं आमचं गाव. कुणाची बायको उभी करायची यावर पारावर आठ दिवस खल झाला. बायकोला कुणी विचारलं नाही. मालकांनी अर्ज पुढं केला, मी सही केली. रेशनचा अर्ज म्हणाले असते तरी केली असती. पण मला निवडून आणलं ते त्यांनी नाही, माझ्या मैत्रिणीनं. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो, एकाच पातीवर खुरपलं, एकीच्या भाकरीवर दुसरीचं कोरड्यास खाल्लं. तिनं वस्तीत दारोदार फिरून सांगितलं, "ही आपली हाय. हिला निवडून दिली की हापसा आपल्या वस्तीत आला म्हणून समजा." वस्तीतल्या बाया तेव्हा पाण्यासाठी ओढा ओलांडून गावात यायच्या.

मी निवडून आले. गुलालातला एक फोटो आहे. त्यात माझं तोंड असं आहे, की कुणीतरी दुसऱ्याचंच लग्न माझ्याशी लावून टाकलंय.

मिटिंगमध्ये काय चाललंय ते मला कळायचं नाही. मग मालकांनी युक्ती काढली. ते सदस्य नव्हते, आत बसता येत नव्हतं. म्हणून दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. टोपी डोक्यावर असली की मी गप्प बसायचं. टोपी काढली की हात वर. ग्रामसेवक काय वाचतात हे मी कधी ऐकलं नाही, मी टोपी बघितली. लोक म्हणायचे, काय बाई नवऱ्याकडं बघती, कालच लग्न झाल्यागत! आणि मला वाटायचं, आपण लई हुशार. एकदा म्हणून हात चुकला नाही.

मग मे महिन्यात हापशाचा ठराव आला. हापसा एकच मंजूर होता. निम्मे म्हणत होते देवळापाशी बसवा, म्हणजे आमच्या घराजवळ. निम्मे म्हणत होते वस्तीत. सकाळी चहा देताना मी मालकांना विचारलं, "वस्तीलाच ना?" ते म्हणाले, "वस्तीलाच. शब्द दिलाय ना." सात सदस्य होते. तीन इकडं, तीन तिकडं, आणि सातवी मी. वस्तीतल्या बाया खिडकीबाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांच्या पुढं माझी मैत्रीण, खिडकीचे गज धरून.

आधी देवळापाशीचा ठराव मताला आला. ग्रामसेवक म्हणाले, "मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा." तेवढ्यात लाइट गेली, पंखा थांबला, आणि मालकांनी टोपी काढली.

माझा हात वर गेला.

ते टोपीनं वारा घेत होते.

दुसऱ्याच क्षणी मला ते दिसलं. टोपी हलत होती. मालकांनी ती घाईघाईनं डोक्यावर दाबली, डोळे वटारले. पण ग्रामसेवकांनी अजून मोजायला सुरुवातही केली नव्हती. हात खाली घेता आला असता. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले, की हात जागच्या जागी थिजला होता. कसला थिजतोय! खुरप्याचा हात तो, धडधाकट. खाली घेतला असता तर सगळ्यांना कळलं असतं, की ही बाई टोपीवर चालते. म्हणून मी तो तसाच धरला, वर मानही ताठ केली, पुष्कळ विचार करून मत दिलंय असं दाखवायला. काय तो रुबाब! आठवलं की त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

चार विरुद्ध तीन. हापसा देवळापाशी बसला.

त्यानंतर माझी मैत्रीण रोज दोनदा माझ्या दारावरनं घागर घेऊन जायची आणि मान वळवायची नाही. मी उंबऱ्यात बसून मुद्दाम खोकायचे. एकदा तर कोंबडीला तिच्या नावानं हाक मारली. कोंबडीनं बघितलं, तिनं नाही. पुढं वस्तीतही हापसा झाला, मग घरोघरी नळ आले, आता दोन्ही हापसे गंजून उभे आहेत. तिचं बोलणं काही आलं नाही. गावात सगळी माणसं माझ्याशी बोलतात. मला बोलायचं असतं ते तिच्याशी. दोघींची वयं झाली. न बोलताच जायचं की काय, ही धास्ती रोज सकाळी पहिल्या चहाबरोबर येऊन बसते.

शनिवारी धुतलेलं लुगडं नेसून शाळेत गेले. वर्गातली बाकं समोरासमोर मांडली होती, एकीकडं सरकार, एकीकडं विरोधक. अध्यक्ष आठवीतली मुलगी. तिच्या हातात डस्टर. तो टेबलावर आपटला की खडूची धूळ उडायची आणि पंतप्रधानांना शिंका यायच्या. पंतप्रधानांनी काकाच्या लग्नातलं जाकीट घातलं होतं, ते गुडघ्याशी लोंबत होतं. विरोधकांनी एकदा सभात्याग केला, तर बाहेर खिचडीचा वास आला आणि त्यांच्यातला एक परत आलाच नाही.

विधेयक होतं मैदानाचं. आठवड्यातले दोन दिवस मैदान मुलींच्या खो-खोला द्यायचं का. मॅडमनी आधी प्रतोद म्हणजे काय ते समजावलं: पक्षाच्या माणसांनी कुठं मत द्यायचं हे बजावणारा. मी शेजारच्या मुख्याध्यापकांना म्हणाले, "आमचा प्रतोद दारात उभा राहायचा." त्यांना काही कळलं नाही, पण ते हसले. पाहुण्यांच्या बोलण्याला हसायचं असतं.

"विरोधात असणाऱ्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाली. विरोधी बाकांवरचे हात भराभर वर गेले. त्यांच्यात दोन वेण्यांची एक बारकी पोरगी होती, तिचाही गेला. मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

"ए, खाली का घेतलास?" शेजारचा ओरडला. "आपला पक्ष हाय की!"

"चुकून गेला वर. मला खो-खो खेळायचाय."

"आता बदलता येत न्हाय!"

अध्यक्षानं मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "अध्यक्ष तू आहेस. तूच सांग."

डस्टर आपटला. "अजून मोजलं न्हाय. बदलता येतं."

सगळे हसले, ती पोरगीही हसली आणि कामकाज पुढं गेलं. मी मात्र तिच्या मांडीवरच्या त्या हाताकडं बघत बसले.

मग माझे दोन शब्द झाले. मी टोपीची गोष्ट सांगितली, पण अर्धीच, हसायची तेवढी. पोरं बाकांवर लोळली. मला चेव आला, मी पदर सावरून मालक कसे उभे राहायचे ते करूनही दाखवलं. तेवढ्यात दोन वेण्यांची पोरगी उठली. "आज्जी, आजोबांच्या डोक्याला खाज सुटली असती तर?"

पोरं पुन्हा हसली. मीही दात काढले. "तवाचं तवा बघितलं असतं," असं काहीतरी म्हणून खाली बसले. त्यांनी मला नारळ दिला, टाळ्या वाजवल्या.

शाळेबाहेर आले. उजवीकडं घर, कुकर आणि टोपी. मी डावीकडं वळले.

ओढ्यात पाणी नव्हतं. ती लिंबाखाली बसून वाकळ शिवत होती. मला बघून उठली नाही. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरले.

"त्या दिशी हात चुकून वर गेला हुता," मी म्हणाले. "हे टोपीनं वारा घेत हुते."

ती शिवत राहिली. मग म्हणाली, "म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"टोपीचं. खिडकीतनं आमाला दिसत न्हवती व्हय टोपी? समद्या वस्तीला ठावं हुतं तुझं. टोपी हलाया लागली तवा म्या म्हणलं, आता घेती ही हात खाली." तिनं दातानं दोरा तोडला. "गज धरून वाट बघत हुते."

जे झाकायला हात वर ठेवला, ते खिडकीबाहेरच्या बायांना आधीच ठाऊक होतं.

"मंग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?" मी म्हणाले.

"तू बोललीस?"

"खोकत हुते की."

"व्हय. आन् कोंबडीला माझ्या नावानं हाक मारलीस, ते बी ऐकलंय." तिच्या तोंडावर हसू नव्हतं. तिची नजर माझ्या हाताकडं गेली. "नारळ कशाला आणलास? मी काय देव हाय?"

बस म्हणाली नाही. थोड्या वेळानं सुई आणि दोऱ्याचं रीळ माझ्यापुढं धरलं. "ओव. सून कामाला जाती. सांजंपातूर कुणी नसतं ओवाया."

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सुईचं नाकं मला दिसतं. नारळ काखेत धरून मी उभ्या उभ्या दोरा ओवला. मुद्दाम वीतभरच ओवला. तिनं दोरा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि खाली मान घालून शिवायला लागली.

मी निघाले. वीतभर दोऱ्यात फार तर दहा टाके होतात. मी जमेल तेवढी सावकाश चालत होते, कान मागं ठेवून. ओढ्यापर्यंत आले, दगडावर टेकले, नारळ मांडीवर घेतला. एव्हाना दहा टाके संपले असतील. हाक आली नाही. लिंबाखाली ती मान खाली घालून बसलेली इथनं दिसत होती, हात हलत होता की नाही ते काही दिसत नव्हतं.

मग मी मोठ्यानं खोकले.