गुलाब मिस्त्रीचे काम कच्चे नव्हते

काका गेल्याची बातमी गावात मीच आणली. बाळापूरच्या पलीकडे आमचे गाव. मळ्याच्या वाटेवर माणसे जमली आणि सगळ्यांनी एकच विचारले, "कसं झालं?" मी म्हणालो, "रस्त्यात जीप तुटली. गुलाब मिस्त्रीचं काम कच्चं निघालं." ते खोटे होते. आज पाच आठवडे झाले... काकांविषयी चार शब्द लिहायला बसलो, तर आधी हेच लिहावे लागते आहे.

काका दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लष्कराच्या मोटारी चालवत. परत आल्यावर त्यांनी लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि आमच्या मळ्यातली वांगी, कोथिंबीर, झेंडू अकोल्याच्या बाजारात नेऊ लागले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत अमरावतीहून आलो की ते मला जीपखाली घेऊन जात. "तुया पुस्तकात हे हाय का?" डिफरन्शियल मला त्यांनीच समजावले. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणारी ती दातांची जोडणी. पण काळ्या मातीच्या चिखलात तीच दगा देते. ज्या चाकाला धर नाही ते गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवरचे ढिम्म उभे राहते. लोक त्या उभ्या चाकामागे लागत. काका हसत, "त्याले कावून शिव्या देता? जे घुमून राहिलं त्याच्याखाली पऱ्हाटी टाका." कपाशीच्या वाळल्या काड्या टाकल्या की त्या चाकाला धर मिळे.

फारच चिखल असला की छोटा लिव्हर ओढून पुढची चाकेही इंजिनाला जोडायची. पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीला ते ट्रान्सफर म्हणत. मात्र पक्की सडक लागली की पुढची चाके सोडवायचीच, हा त्यांचा कडक नियम. चिखलात चाके घसरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक मिटतो; सडकेवर घसरायला जागा नसते. त्यात आमच्या जीपचे पुढचे टायर नवे, मागचे झिजलेले. सगळा पीळ ट्रान्सफरच्या दातांवर येतो. लिव्हर अडला तर गाडी चार हात मागे घ्यायची, पीळ सुटतो. अर्ध्या मिनिटाचे काम.

भादव्यात काकांच्या पोटात दुखू लागले. दोन दिवस त्यांनी अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जीपमध्ये मागे निजवले, डोके काकूच्या मांडीवर, आणि मी चालवायला बसलो. चिखलातून गाडी नीट काढली. सडकेवर आल्यावर लिव्हर ओढला, तो हलेना. मागे काका कण्हत होते. थांबायचा धीर झाला नाही...

"पुढचा काढला का रे?" काकांनी मागून विचारले.

"हो, काढला."

"मंग गाडी जड कावून चालून राहिली?"

"चिखल बसला असन चाकाइले."

ते पुढे काही बोलले नाहीत. अकोला सात-आठ मैलांवर असताना खालून कडाड असा आवाज आला आणि जीप थांबली. उरलेला रस्ता बैलगाडीने काढला. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवे होते. दुपारी काका गेले.

अकोल्याचा गुलाब मिस्त्री काकांच्याच पलटणीतला. काका जाण्याच्या महिनाभर आधी त्यानेच ट्रान्सफर उघडून दुरुस्त केला होता. माझे वाक्य गावोगाव गेले. आमच्या भागातल्या मोटारवाल्यांनी त्याच्याकडे जाणे सोडले. मला ते कळत होते, आणि मी गप्प होतो.

दिवस-वार आटोपले. मी अमरावतीला परतायला पेटी भरत होतो, तेव्हा काकू दारात येऊन उभी राहिली.

"अमरावतीले मंग जाय. आंदी अकोल्याले जाय."

"कावून?"

"तुले मालूम हाय कावून. जीपमधी मी मांगंच होती, सारं पाह्यलं. मी वाट पाहून राहिली होती, तू कवा बोलतं."

मिस्त्रीच्या टिनाच्या छपराखाली जीप उभी होती, बैलांनी ओढून आणलेली. जमिनीवरच्या पोत्यावर ट्रान्सफरचा एकेक भाग मांडला होता, ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने. ती काकांची शिस्त. मिस्त्रीने मान वर केली नाही. "बस बाबू. तुया काकाचा जीव माया हातून गेला. पाच खेपा खोलून पाह्यलं. माही चूक कुठं झाली, तेच सापडून नाही राहिलं."

मी सांगितले. लिव्हर, सडक, काकांचा प्रश्न, माझे उत्तर... सगळे.

त्याने पोत्यावरचा तुटका दात उचलून पाहिला. शिवी देईल असे वाटले; दिली असती तर बरे झाले असते.

"त्याले समजलं असन," तो म्हणाला.

"काय?"

"पुढचा लागलेला असला का सडकेवर गाडी कशी वाजते, ते तुया काकाले झोपेतबी समजे."

मग त्याने तो दात फडक्याने पुसला आणि पोत्यावर, रांगेतल्या त्याच्या जागी, ठेवून दिला.