मशीन चालू होतं

आमच्या खात्यात त्याला मायक्रो म्हणत. लेथवर त्याने सव्वीस वर्षं काढली. मायक्रोमीटर लावल्याशिवाय एक नग त्याने कधी पुढे पाठवला नाही, म्हणून हे नाव. मी शेजारच्या मिलिंगवर होतो.

त्याला मोठ्या आतड्याचा आजार होता. आतून सूज, जखमा, शौचातून रक्त. कळ आली की थांबायची सोय नाही. त्याने त्यावर तोड काढली होती. लांब शाफ्टचा एक कट अकरा मिनिटं चाले. तो टूल आपोआप पुढे सरकवणारं फीड लावायचा, मला मानेने खूण करायचा आणि सुटायचा. संडास नव्वद पावलांवर. नऊ मिनिटांत परत हजर. पाळी संपली की तक्त्यावर 'मशीन किती वेळ बंद' हा रकाना भरावा लागे. त्याच्या रकान्यात कायम शून्य.

हॉस्पिटलने त्याला दर महिन्याला मोबाईलवर प्रश्नावली भरायला सांगितली होती. दिवसातून शौचाला किती वेळा, रक्त किती, दुखणं दहापैकी किती, रात्री उठावं लागतं का, कामात अडथळा येतो का. नर्स आकडे बघायची. वाईट असतील तर लगेच बोलावणं. चांगले असतील तर थेट सहा महिन्यांनी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो भरत असताना मी डोकावलो. शौच : दोन.

"अरे, सकाळपासून पाच वेळा मीच तुझं मशीन सांभाळलंय."

"मशीन बंद पडलं का?"

"नाही."

"मग ते कशाला धरायचं? काम अडलं नाही. हे दोन घरचे."

"आणि दुखणंही दोनच?"

"फोरमनचं बोट गेलं ते दहा. त्या हिशोबाने माझं दोन."

"तुझ्या हिशोबाने माणूस मेला तरी आठच होतील."

तो पोट धरून हसला. पोट धरायला त्याला दुसरंही कारण होतं.

त्याच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडून झाली. गालफडं बसली. एका रविवारी वहिनी, म्हणजे त्याची बायको, माझ्या घरी आल्या.

"भावजी, तुम्ही तरी सांगा. रात्री चार-चार वेळा उठतात. रक्त जातंय. आणि फॉर्मवर बघावं तर शून्य, नाहीतर दोन. हॉस्पिटलवाले म्हणतात, तब्येत छान आहे, आता सहा महिन्यांनी या. तोवर आतडं काढायची पाळी आली तर?"

मी सांगितलं. त्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. दुखणं अंगावर काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग एका मंगळवारी अकरा मिनिटं झाली आणि तो परतला नाही. टूल शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे जाड भागाला, भिडायला आलं. मी धावत जाऊन त्याचं मशीन बंद केलं आणि संडासाचं दार ठोकलं.

"येतो," तो म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

चाळीस मिनिटांनी भिंत धरत आला. तोवर मी त्याच्या तक्त्यावर लिहिलं होतं : मशीन बंद, चाळीस मिनिटं. कारण, कामगार आजारी.

"खोड ते."

"खोटं आहे का?"

त्याने पेन उचललं. खरा आकडा त्याने कधी खोडला नव्हता. सही केली. मग खोक्यावर बसून मोबाईल काढला.

"आज किती वेळा गेलो?"

"माझ्यासमोर सात."

त्याने वहिनींना फोन लावला. "काल रात्री किती वेळा उठलो गं?" ऐकून घेतलं, बेरीज केली आणि शौचापुढे अकरा लिहिलं. रक्त : पुष्कळ. दुखण्याला आठ. कामात अडथळा : हो. एवढं लिहायला त्याला शाफ्ट कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला. घाम आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सचा फोन आला. अठरा दिवस वॉर्डात काढले. आतडं वाचलं, नवं इंजेक्शन सुरू झालं. लेथ मात्र गेलं. त्याला तयार नग तपासायच्या टेबलावर बसवलं, संडासाच्या जवळ. "बसून काय काम होतं?" असं म्हणत त्याने उरलेली तीन वर्षं तिथेच ढकलली.

आता आम्ही दोघंही निवृत्त. परवा घरी गेलो, तेव्हा तो प्रश्नावली घेऊन बसला होता. 'थकवा दहापैकी किती?' यावर गाडी अडली होती.

वहिनी म्हणाल्या, "अहो, सहा लिहा आणि जेवायला उठा."

"थांब जरा," तो म्हणाला. "सहा कालचा होता. आजचा बघू दे."