शून्य मांजरं असलेलं जंगल

माझे बॉस हेर ब्रांडल (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) यांनी माझा अहवाल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. एका आकड्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

"तर मग, हा जरा वर नेता येईल का?"

तो आकडा म्हणजे, पिंजऱ्यात वाढवलेल्या रानमांजरी जंगलात सोडल्या तर पहिल्या वर्षात त्यातल्या किती जगतील, याचा अंदाज. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तो आकडा दुसरीकडे सोडलेल्या आणि रस्त्यावर मेलेल्या मांजरींच्या नोंदींवरून आला आहे, माझ्या मूडवरून नाही.

२००६-०७ ची ही गोष्ट. जर्मनीत न्युरेम्बर्गमधल्या एका लहान प्लॅनिंग ऑफिसात मी स्टॅटिस्टिशियन होते. राहायला एर्लांगेनला, सायकल, मग रेजिओनालबान म्हणजे लोकल गाडी, मग पुन्हा चालत असा रोजचा प्रवास. आमच्याकडे शहराच्या उत्तरेकडच्या एका जंगलाचं काम आलं होतं. तिथे रानमांजर पुन्हा वाढवायचं होतं. रानमांजर म्हणजे भटकं मांजर नव्हे. ती वेगळी जात आहे, माणसाच्या आधीपासून युरोपच्या जंगलात राहणारी. जाड, झुबकेदार शेपूट, त्यावर काळी कडी. माणसाळत नाही. शिकारीने आणि जंगलं तुटल्याने ती बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली होती.

माझं काम मॉडेलचं. संगणकात एक जंगल मांडायचं. त्यात मांजरी सोडायच्या. दर वर्षी काही पिल्लं जन्मतात, काही मांजरी मरतात. असं पन्नास वर्षं पुढे न्यायचं आणि पुन्हा पुन्हा करून बघायचं की किती वेळा त्या टिकतात. माझ्या संगणकात त्या जवळजवळ दर वेळी संपत होत्या. जंगलाच्या मधून एक हमरस्ता गेला होता. पिंजऱ्यात वाढलेल्या मांजरीला गाडी म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

पण काम देणाऱ्या लांडराट्सआम्टला, म्हणजे जिल्हा कार्यालयाला, मांजरी सोडण्याचा कार्यक्रम हवा होता. वसंतात, पाहुण्यांसमोर पिंजरा उघडायचा होता. रस्त्याला कुंपण घालणं, त्याखालच्या ओढ्याच्या मोरीपर्यंत झुडपांचा पट्टा लावून मांजरींना रस्त्याखालून वाट देणं, यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं.

"तुमचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय," हेर ब्रांडल शांतपणे म्हणाले. ते दुष्ट नव्हते. चार माणसांचं ऑफिस चालवत होते आणि हे काम गेलं तर दुसरं हातात नव्हतं. पण माझा व्हिसा याच नोकरीला बांधलेला होता, हे त्यांनाही माहीत होतं.

"तुम्ही आकडा बदलू शकता," मी म्हटलं. "मग अहवालावर माझी सही नसेल. आणि का नाही, असं कुणी विचारलं तर मी सांगेन."

पुढच्या आठवड्यात मसुद्यावर चर्चा करायला जिल्हा कार्यालयात बैठक झाली. तिथल्या अधिकारी फ्राऊ (म्हणजे श्रीमती) वेगनर यांनी माझा भाग पाच मिनिटांत आटोपला. निघताना मी कोट घालत होते, तेव्हा मागच्या रांगेत बसलेले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. हेर लोट्स, निवृत्त फॉरेस्टर. मला वाटलं, कौतुक करायला आलेत.

"पान दोन चुकलंय," ते म्हणाले. "तिथे आता शून्य मांजरी आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी मागच्या हिवाळ्यात एक पाहिली."

मी म्हटलं, सरकारी यादीत शून्यच आहे. त्यांनी विचारलं, यादी करणारा जंगलात कधी गेला होता? मी स्वतः तरी कुठे गेले होते? वर्षभर त्या जंगलाचं गणित मांडत होते, आणि ते फक्त नकाशावर पाहिलं होतं.

रानमांजर दिसत नाही, पण तिचे केस मिळवता येतात. खडबडीत लाकडी दांडा जमिनीत रोवायचा. त्याच्यावर व्हॅलेरियन या मुळीचा अर्क फवारायचा. माणसं तो झोपेसाठी घेतात. मांजरी त्या वासाने वेड्या होतात. विशेषतः माजाच्या दिवसांत, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी. त्या दांड्याला अंग घासतात आणि केस अडकतात. केसाच्या मुळाशी डीएनए असतो.

ऑफिसच्या वेळात हे करायचं नाही, असं हेर ब्रांडल यांनी बजावलं. म्हणून दर शनिवारी मी आणि हेर लोट्स जायचो. परवानगी त्यांनीच काढली होती. बर्फात दोन-तीन तास चालायचं, भिंगातून दांडे तपासायचे, केस चिमट्याने काढून कागदी पाकिटात ठेवायचे, मग दांडा बर्नरने शेकायचा, म्हणजे जुना केस उरत नाही. पहिले तीन शनिवार काहीच मिळालं नाही. चौथ्या शनिवारी रस्त्याजवळच्या दांड्याला राखाडी केस होते. मला नाचावंसं वाटलं. हेर लोट्स म्हणाले, गावातलं पाळीव मांजरही असू शकतं.

ते खरंच होतं. आमच्या घरी बाल्कनीत व्हॅलेरियनची बाटली ठेवली होती, तर शेजारणीचा बोका दोन दिवस तिथून हलला नाही. त्या वेळी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना त्या वासाने मळमळायचं. बोक्याला हुसकावता हुसकावता त्यांनी विचारलं, "मांजरांपायी नोकरी घालवणार आहेस का?"

"अहो आई, मला खोटा आकडा लिहायचा नाही एवढंच."

त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "मी एकदा लिहिला होता. पटसंख्या. वरून सांगितलं म्हणून. सतरा मुलं होती, एकतीस लिहिली. कुणी कधी विचारलंही नाही. पण ते रजिस्टर मला अजून दिसतं." आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यानंतर वासाबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.

पुण्याची माझी मैत्रीण केतकी तेव्हा जर्मनीतच एका जेनेटिक्स लॅबमध्ये डॉक्टरेट करत होती. तिच्या प्रोफेसरांनी केस तपासायला होकार दिला. फेब्रुवारीच्या शेवटी तिचा फोन आला. बरीचशी पाकिटं पाळीव मांजरांची निघाली. तीन पाकिटांत रानमांजरीचे केस होते. प्राणी दोन, त्यातली एक मादी. आणि ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर सापडली होती. म्हणजे रस्ता ओलांडत होती आणि अजून जिवंत होती.

मी पान दोन दुरुस्त केलं, मॉडेल पुन्हा चालवलं, कुंपण आणि रस्त्याखालची वाट धरली तर मांजरी टिकतात हे पाहिलं आणि हेर ब्रांडल यांना सांगितलं की पुढच्या बैठकीत मी बोलणार आहे. त्यांनी लॅबच्या निकालाचा कागद दोनदा वाचला. "गेनाऊ," म्हणजे "अगदी बरोबर", एवढंच म्हणाले. पण मला अडवलं नाही.

बैठकीत फ्राऊ वेगनर यांनी सांगितलं की निमंत्रणं छापून झाली आहेत.

"मांजरी निमंत्रणाची वाट न बघता आल्यात," मी म्हटलं. "त्यांना पिंजरा नको, वाट हवी. तुम्ही कार्यक्रम करा. पण जंगलात रानमांजर नाही म्हणून सोडतोय, असं त्या दिवशी कुणी म्हणालं, तर लॅबचा निकाल घेऊन मी समोरच उभी असेन."

हेर लोट्स खिडकीबाहेर बघत होते. मग हेर ब्रांडल घसा साफ करून म्हणाले की ऑफिस म्हणून आमचंही हेच मत आहे. ते त्यांचं मत कधी झालं, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही.

पिंजरा उघडला नाही. पुढच्या वर्षी रस्त्याला कुंपण लागलं आणि मोरीपर्यंत झुडपं लावली गेली. माझं काँट्रॅक्ट सहा महिन्यांसाठी वाढलं, नंतर नाही. तोवर मला कोलोनला दुसरी नोकरी मिळाली होती. हेर लोट्स यांचं एकदा पत्र आलं. लाकडांच्या ढिगाखाली पिल्लं दिसली होती, आणि ढीग उन्हाळाभर हलवायचा नाही असं त्यांनी ठेकेदाराला दरडावून सांगितलं होतं.

लोक ही गोष्ट मी बॉसशी कशी भांडले म्हणून ऐकतात. मला त्यातलं दुसरंच टोचतं. ज्या मॉडेलसाठी मी नोकरी पणाला लावली, त्याच्या पहिल्याच रकान्यात चूक होती आणि ती मीच, न बघता, भरली होती. आजही नवीन काम आलं की मी आधी बूट घालते. संगणक नंतर.