तिला औषध, मला पाणी

मैत्रिणींनो, आज मला एका बाईचा फार हेवा वाटला.

चेहऱ्याच्या नसेतल्या कळांवर नव्या इंजेक्शनची चाचणी चालू आहे, त्यात मीही आहे. कोणाला औषध टोचलं आणि कोणाला नुसतं मिठाचं पाणी, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

पण दवाखान्यात शेजारी बसलेली, याच चाचणीतली बाई सेव घातलेले पोहे मजेत चावत होती! मला तर तोंड धुतानाही गालात वीज चमकते.

"दीदी, आपको तो पानी ही मिला लगता है," ती हसली. मग नवऱ्याला म्हणाली, "अजी, हाथ लगाके देखो, अब नहीं दुखता." त्यांनी तिच्या गालावर अलगद तळहात ठेवला.

मी मान फिरवली.

औषध पुढेमागे मलाही मिळेल. पण आमचे हे आता नाहीत. गाल बरा झाला, तर "हात लावून बघा" असं मी कोणाला म्हणू?