वरच्या खोलीतला भाडेकरू

माझ्या आत्याशी भांडायला लोक घाबरतात आणि ते शहाणपणाचंच आहे. ती आवाज चढवत नाही. लाँड्रीच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकते, चष्मा नाकावर खाली ओढते आणि म्हणते, "हां, आता पहिल्यापासून सांगा." माणूस पहिल्यापासून सांगतो. ती परत सांगायला लावते. तिसऱ्या खेपेला त्याची गोष्ट बदललेली असते. एका गृहस्थाने कोटाचं बटण तुम्हीच हरवलंत म्हणून दुकान डोक्यावर घेतलं होतं. शेवटी त्याच्याच खिशातून बटण निघालं आणि धुलाईचे पैसे ठेवून तो खाली मान घालून गेला.

माझं तसं नाही. माझा राग नाकावर असतो, म्हणून आत्या मला ठिणगी म्हणते. मी एका शाळेच्या कचेरीत हिशेब बघते, त्यामुळे बँकेचं काही निघालं की मला बोलावणं येतं. आत्याच्या मते बँकवाले लिहितात त्यातलं अर्धं खोटं असतं आणि उरलेलं अर्धं बारीक अक्षरात असतं.

घर तिचंच, म्हणजे बरंचसं बँकेचं. खाली रस्त्याच्या अंगाला लाँड्री, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भिंतीला सदा वाफेची ओल आणि सगळीकडे गरम सुती कापडाचा वास. बाहेरच्या अंगाला लोखंडी जिना आहे, तो चढून गेलं की वर एकच खोली आणि पुढे गच्चीचा तुकडा. ती खोली लंबूदादाची, आत्याच्या एकुलत्या एका मुलाची. तो इतका उंच की शर्टाच्या बाह्या आत्याला नेहमी उसवून वाढवाव्या लागायच्या. दुकानात शंभर शर्ट टांगलेले असले तरी त्याचा लगेच ओळखू यायचा.

तो परदेशात क्रेन चालवतो. दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला आता किती वर्षं झाली हे आत्यासमोर कोणी मोजत नाही. आधी दर आठवड्याला फोन यायचा. मग महिन्याने येऊ लागला. मग तिच्या वाढदिवसाला आणि अधूनमधून कधीतरी. येण्याचं विचारलं की "या वर्षी जरा अवघड आहे, पुढच्या वर्षी बघू." भांडण नाही, अबोला नाही, काही नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटायचं, मिटवता तरी आलं असतं. आत्या स्वतःहून त्याला फोन करत नसे. तो कामावर उंच जागी बसलेला असतो, आपल्या फोनने त्याचं लक्ष उडायला नको, असं ती म्हणायची. खरं कारण मला माहीत होतं. आपण फोन केला आणि त्याने घाईघाईत ठेवला, तर ते तिला सोसलं नसतं.

ती त्याचे शर्ट धुवायची. जाताना त्याने निम्मे कपडे कपाटात ठेवले होते. कपडा नुसता घडी करून ठेवला की घडीवर पिवळा पडतो, हे कुठल्याही लाँड्रीवाल्याला ठाऊक असतं, म्हणून ती ते आळीपाळीने काढायची, धुवायची, वरच्या गच्चीत दोरीवर वाळत घालायची, इस्त्री करायची आणि नव्या घडीवर परत ठेवायची. न घातलेले शर्ट! वरच्या दारातल्या त्याच्या चपला उचलून त्यांच्याखालची फरशी पुसायची आणि चपला पुन्हा तशाच ठेवायची, बोटं बाहेरच्या दिशेला. पायात अडकवून निघता यावं म्हणून. मी एकदा म्हटलं, "आत्या, किती ते!" तर म्हणाली, "गिऱ्हाइकाचा कपडासुद्धा आपण वर्ष वर्ष सांभाळतो गं. हा तर घरचा."

आता मूळ गोष्ट. काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हा घरावरचं कर्ज डोक्यावर टाकून गेले. लाँड्रीची मशीन आणली होती, ती घर गहाण टाकूनच. जुन्या बँकेने व्याज वाढवत नेलं, हप्ता आत्याच्या गळ्याशी आला. घर विकून कुठेतरी दोन खोल्या घे, असं सगळ्यांनी सांगितलं. माझ्या वडिलांनीही सांगितलं. आत्या म्हणाली, "आणि तो आला तर उतरेल कुठे?" हा प्रश्न तिने इतक्या साधेपणाने विचारला की वडील चहा तसाच ठेवून उठले.

म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं ठरलं. तिथे व्याज कमी होतं आणि हप्ता तिला झेपण्यासारखा होता. नव्या बँकेचा एक गोडबोल्या एजंट दुकानात येऊन बसला, "ताई, वरती एक नवा पैसा लागणार नाही" असं छातीवर हात ठेवून म्हणाला आणि सह्या घेऊन गेला. पाठोपाठ घराची पाहणी करायला एक माणूस आला. त्याने खालच्या खोल्या पाहिल्या, टेप लावून मोजल्या. नेमकी तेव्हाच एक बाई साडीवरच्या डागासाठी काउंटरवर हातघाईवर आल्या होत्या. आत्या तिकडे अडकली, तो एकटाच जिना चढून गेला आणि थोड्या वेळाने "झालं" म्हणून निघून गेला.

जुन्या बँकेचे कागद सुटायच्या बेतात असताना खर्चाचा तक्ता हातात आला. कागदपत्र हाताळणी, टपाल, पाहणी, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठा, भाडेकरू पडताळणी आकार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एजंटाने फोनवर काखा वर केल्या. आत्याने तक्ता घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चल, पहिल्यापासून ऐकू."

नव्या बँकेत कर्जविभागाच्या बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्या, सर्दीने बेजार. आत्याने कोपरं टेबलावर टेकली.

"हे हाताळणी म्हणजे काय हो?"

"तुमची कागदपत्रं आम्ही हाताळतो ना, त्याचे."

"झेरॉक्स मी काढल्या. टाचण्या मी लावल्या. बसमधून पिशवी मांडीवर घेऊन मी आणली. मग हाताळणीचे पैसे कोणी कोणाला द्यायचे?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी आत जाऊन साहेबांना विचारलं आणि तो आकार काटला. टपालाचाही काटला, कारण टपालाने काही आलंच नव्हतं. पाहणीचा आत्याने स्वतःहून मान्य केला. माणूस आला होता, त्याने काम केलं होतं, त्याची मजुरी द्यायलाच हवी, असं तिचं म्हणणं. राहिला भाडेकरू.

"आमच्याकडे भाडेकरू नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं, कारण बाजूच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

बाईंनी पाहणीचा कागद काढला. "वरच्या खोलीला वेगळा जिना आहे. बाहेर पुरुषाच्या चपला होत्या, दोरीवर पुरुषाचे कपडे वाळत होते. खोलीला कुलूप. तुम्ही अर्जात भाडेकरूचा उल्लेख केलेला नाही, मग पडताळणी लागते."

मला हसावं की रडावं कळेना. आत्या मात्र नुसती त्या कागदाकडे बघत होती.

"ते माझ्या मुलाचे कपडे आहेत," ती म्हणाली.

"मग सोपं आहे की मावशी. मुलगा राहत असेल तर त्याला एकदा घेऊन या, इथे सही करू दे."

"तो बाहेरगावी असतो."

"कधी येतील?"

आत्या पिशवीच्या बंदावरची सुरकुती बोटाने सपाट करू लागली. बाईंना काय ते उमगलं असावं. त्यांनी आवाज खाली आणला आणि एक छापील कागद पुढे सरकवला. "मग हे भरून द्या. 'वरची खोली रिकामी असून तेथे कोणीही राहत नाही.' खाली सही. आकार रद्द होऊन जाईल."

मला हायसं वाटलं. ती रक्कम थोडीथोडकी नव्हती. दुकानातली वाफेची इस्त्री गळायला लागली होती आणि त्याच पैशांतून नवी घ्यायची, असं आत्याने मनाशी ठरवलं होतं. जुनीने तिच्या मनगटाला चटके बसायचे. मी पेन उघडून तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं, कागद जवळ ओढला आणि थांबली.

"यात 'सध्या' घालता येईल का?"

"मजकूर छापील आहे ना मावशी. बदलता येत नाही."

"मी जरा विचारून येते," आत्या म्हणाली आणि उठली.

बाहेर बँकेच्या जिन्याशी उभं राहून तिने फोन लावला. इतक्या वर्षांत स्वतःहून लावलेला पहिलाच असेल. वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजात राहून तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता. पलीकडे वारा होता, कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. कामात आहेस का?"

"आहेच. बोल पटकन."

तिने सांगितलं. पटकनच सांगितलं, मधले शब्द गाळून. तो हसला. वाईट हसला नाही, बिचारा खरंच हसला. "अगं मग दे ना लिहून रिकामी म्हणून. रिकामीच तर आहे. खरं सांगू का, भाड्यानेच देऊन टाक. तेवढाच तुला हातभार."

आत्याने भिंतीला हात टेकला. तो फोन हिसकावून घ्यावा आणि तुझे शर्ट अजून कोण धुतं माहीत आहे का, असं त्याला ऐकवावं, असं मला वाटलं. आत्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून.

"बरं," ती फोनमध्ये म्हणाली. "जेवलास का?"

"जेवतो गं आता. ठेवू?"

"ठेव."

तिने फोन पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. मग आत जाऊन बाईंसमोर बसली आणि छापील कागद, पेनासकट, परत त्यांच्याकडे सरकवला.

"आकार भरते मी."

"आत्या!" मी ओरडलेच. "अगं तुझी इस्त्री! फुकटचे पैसे आहेत का? स्वतः दादाने सांगितलं ना रिकामी आहे म्हणून!"

"त्याला काय माहीत?" आत्या म्हणाली. "तो इथे असतो का?"

बाईंनी पण समजावलं. उगाच भुर्दंड कशाला, एक सही तर करायची. आत्याने ऐकून घेतलं, पाकीट उघडलं, पैसे दिले, पावती घेतली. मग कोपरं टेबलावर टेकून म्हणाली, "पडताळणीचे पैसे घेतलेत ना? मग तो पाहणीचा कागद आहे, त्याची एक प्रत मला द्या." त्यावर वाद घालायची कोणाची छाती नव्हती.

बसथांब्यावर मी आतून नुसती धुमसत होते. त्या पैशांत काय काय झालं असतं याची उजळणी चालली होती, आणि खरं म्हणजे मला दादाचा राग आला होता, तो मी आत्यावर काढत होते. तिने पिशवीतून तो कागद काढून माझ्यापुढे धरला. "चष्मा धुरकट झालाय. वाच जरा."

मी वाचलं. बँकेची रुक्ष भाषा. जिन्याची रुंदी, खालच्या खोल्यांची लांबी-रुंदी, छताची अवस्था. मग खाली हाताने लिहिलेलं: 'वरच्या खोलीत एक पुरुष राहतो. कपडे नुकतेच धुतलेले. चपला दारात. भेटीच्या वेळी बाहेर गेलेला होता.'

"शेवटचं परत वाच."

"भेटीच्या वेळी बाहेर गेलेला होता."

आमची बस आली, थांबली, निघून गेली. आत्याने हात केला नाही, मीही केला नाही. माझा राग कुठे गेला कोण जाणे. तिने माझ्या हातातून कागद घेतला, आधीच्या घडीवर घडी पडू न देता दुमडला आणि ब्लाउजच्या आत ठेवला.

"बँकेचा माणूस आहे तो," आत्या म्हणाली. "खोटं कशाला लिहील?"